वर्ग मुलांना स्वतःचा वाटावा म्हणून तुम्ही काय करता?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेत मी तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग घेते. शाळा उघडायला थोडेच दिवस राहिलेत आणि वर्गाची मांडणी नव्याने करायची आहे. पोरांना हा वर्ग स्वतःचा वाटला पाहिजे, एवढं एकच डोक्यात आहे. मला काय वाटतं ते मांडते, तुम्ही तुमचं सांगा.

गेल्या दहा-बारा वर्षांत आपल्या शाळा दिसायला पुष्कळ बदलल्या. २२ जून २०१५ ला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'चा शासन निर्णय आला. त्या काळात साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा शाळांचा गट, पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. फरशीवर आखलेल्या चौकटी, मुलांच्या उंचीचे तळफळे, हाताला येईल असं ठेवलेलं साहित्य आणि गटागटाने आपापल्या कामात गुंतलेली मुलं तिथे बघायला मिळत. मुलांनी स्वतः करून शिकावं हा त्याचा गाभा. पण बऱ्याच गावांत पोचला तो फक्त रंग. लोकवर्गणी जमली, रंगाऱ्याला काम दिलं, भिंती 'बोलक्या' झाल्या. छतापासून फरशीपर्यंत पाढे, बाराखडी, ग्रहमाला, राष्ट्रीय प्रतीकं.

पहिलीत आलेलं पोर चौथीतून बाहेर पडेपर्यंत ऑइलपेंटची ही भिंत जशीच्या तशी असते. थोड्या महिन्यांनी तिच्याकडे कुणी बघतही नाही. त्यात भर घालायला जागा नाही, पुसायला परवानगी नाही. भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारावं लागतं, तशी पोरं त्या वर्गात राहतात. वर्ग सुंदर असतो, पण त्यांचा नसतो.

माझं म्हणणं असं की आपलेपणा येतो तो अधिकारातून. ही वस्तू मी हलवू शकते का? हा कागद मी काढून दुसरा लावू शकतो का? कपाट उघडायला बाईंना विचारावं लागतं का? या प्रश्नांची उत्तरं काय येतात त्यावर सगळं ठरतं.

आमच्याकडे सध्या काय चालतं ते सांगते.

एक लांब भिंत पोरांच्या डोक्याच्या उंचीपर्यंत कोरी ठेवली आहे. तिथे सुतळ्या ताणल्यात, कपडे वाळत घालायचे चिमटे आहेत. काय लावायचं, किती दिवस ठेवायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. मी निवड करत नाही. निवड केली की सुंदर अक्षराची चार-पाच पोरंच भिंतीवर येतात, बाकीची वर्षभर प्रेक्षक. चौथीतल्या एका मुलीने हातच्याच्या वजाबाकीचा चुकलेला कागद लावला आणि खाली लिहिलं, 'हे अजून जमत नाही, कुणाला येतं?' दुपारपर्यंत तिसरीतला एक मुलगा तिच्याशेजारी मणी आणि काड्या घेऊन बसला होता. अशी भिंत कुठल्या रंगाऱ्याला जमणार?

दुसरं कपाट. शिक्षक साहित्य कुलपात का ठेवतात हे आपल्याला ठाऊक आहे. जडवस्तू संग्रह नोंदवहीत प्रत्येक वस्तू चढलेली असते, हरवली तर जबाब द्यायचा आपण. म्हणून दशकाचे दांडे, भिंगं, तराजू वर्षानुवर्षं नवेकोरे राहतात. आमच्याकडे किल्ली खिळ्यावर असते. एक वही पोरांनीच आखली आहे: काय घेतलं, कुणी घेतलं, परत ठेवलं का. ती भरायचं काम आठवड्याला बदलतं. वस्तू मोडतात, पण मोडल्याचं लपवत कुणी नाही.

तिसरं बसण्याची मांडणी. परिसर अभ्यासात नकाशा येतो, तो आम्ही वर्गापासूनच सुरू करतो. पोरं मीटरपट्टीने खोली मोजतात, कागदावर आखतात, गटागटाने मांडणी सुचवतात. प्रत्येक मांडणी काही दिवस करून बघायची आणि मग बोलायचं. पावसात पाणी कुठे टपकतं, तिसऱ्या तासाला फळ्यावर कुठून चकाकी येते, पंख्याचा वारा कुठवर पोचतो, हे त्यांना माझ्याहून नेमकं माहीत असतं.

नियमांचं थोडक्यात: जूनमध्ये तक्ता करून लावत नाही. अडचण आली की त्या अडचणीपुरता नियम पोरं करतात, गरज संपली की पुसतात.

आता तुम्ही सांगा. मोठ्या पटाच्या वर्गात हे कसं करता? माध्यमिकला काय चालतं? आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर जरूर लिहा.

---

निळी_शाई

ताई, फार महत्त्वाचा विषय काढलात.

मी मुंबईत माध्यमिकला शिकवतो. शाळा दोन सत्रांत भरते. सकाळी माझी नववी ज्या खोलीत बसते तिथेच दुपारी सहावी बसते. पट साठच्या पुढे. बाकं जमिनीला पक्की केलेली, भिंतीला चिकटपट्टी लावायची नाही असा शाळेचा नियम. अशा खोलीत 'आपलं' काय करायचं?

आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, जुन्या चादरीला वर-खाली बांबू लावून गुंडाळता येईल असा पडदा केला. त्यावर कागद टाचणीने लावतो, सकाळी टांगतो, सत्र संपलं की गुंडाळून कोपऱ्यात. दुसरी गोष्ट मुलांकडूनच आली. बाकावर कोरलेलं, कप्प्यात टाकलेला कचरा यावरून दोन्ही सत्रांची रोज तक्रार असायची. एका मुलीने बाकाच्या कप्प्यात चिठ्ठी ठेवली: 'दुपारी इथे कोण बसतं? मी सकाळची. माझी पट्टी राहिली होती, सापडली का?' दुसऱ्या दिवशी पट्टी आणि उत्तर दोन्ही होतं. मग ती पद्धतच पडली. नववीची मुलं सहावीच्या मुलांना चिठ्ठीतून गणितं घालतात, त्यांची उत्तरं तपासतात. बाकांवरचं कोरणं खूप कमी झालं. खोली दोघांची आहे हे कळल्यावर ती जपली जाते, हा माझा अनुभव.

---

साशंक_मास्तर

पटत नाही त्यांनीही लिहा म्हणालात, म्हणून लिहितो.

माझ्या वर्गात चौथीला येऊनही वाक्य न वाचता येणारी मुलं आहेत. घरी पुस्तक नाही, तक्ता नाही. त्यांना भिंतीवरची बाराखडी आधार देते. मधल्या सुट्टीत बोट ठेवून वाचणारी पोरं मी रोज बघतो. ती भिंत कोरी केली तर नुकसान कुणाचं होणार? ज्यांच्या घरी सगळं आहे त्यांचं नक्कीच नाही.

शिवाय मुलांनी ठरवायचं म्हणजे व्यवहारात वर्गातली दोन धीट मुलं ठरवतात. बुजरी पोरं मान डोलावतात. शिक्षकाने ठरवलेली मांडणी निदान सगळ्यांना सारखी लागू होते.

---

चौकट

मी वास्तुरचनाकार आहे, काही शाळांच्या दुरुस्तीची कामं केली आहेत. दोन अभ्यास सांगतो, दोन्ही या चर्चेला थेट लागू आहेत.

इंग्लंडमधल्या सॅल्फर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१५ मध्ये २७ प्राथमिक शाळांतल्या १५३ वर्गखोल्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ३,७६६ मुलांची वर्षभराची प्रगती आणि खोलीची रचना ताडून पाहिली. मुलांच्या प्रगतीत जो फरक दिसला, त्यातला १६ टक्के खोलीच्या रचनेशी जोडता आला. उजेड, हवा, तापमान यांचा वाटा सर्वांत मोठा, साधारण निम्मा. पण राहिलेल्या निम्म्यात 'ही खोली आमची आहे असं मुलांना वाटतं का' हाही घटक होता: मुलांनी स्वतः केलेलं काम दिसतं का, खुर्ची-टेबल त्यांच्या मापाचं आहे का. त्याच अभ्यासाने भिंतीचा २० ते ५० टक्के भाग मोकळा ठेवा असंही सुचवलं आहे.

दुसरा अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाचा, २०१४ चा. बालवाडीच्या २४ मुलांना विज्ञानाचे काही धडे तक्त्यांनी भरलेल्या खोलीत तर काही साध्या खोलीत दिले. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष जास्त विचलित झालं. चाचणीत साध्या खोलीत ५५ टक्के उत्तरं बरोबर आली, भरलेल्या खोलीत ४२ टक्के. मुलं थोडी आणि वयाने लहान होती, तेव्हा यावरून सगळ्यांसाठी नियम काढू नये. पण भिंत भरली की शिकणं वाढतं हे गृहीत धरायलाही आधार नाही.

मास्तर, तुमच्या बाराखडीला माझा विरोध नाही. ती एका भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला, आजूबाजूला गर्दी न करता असू द्या. छताजवळ रंगवलेलं मात्र मुलं वाचत नाहीत.

इमारतीलाच शिकण्याचं साधन करायची 'बाला' ही कल्पना आपल्याकडे दिल्लीच्या 'विन्यास' संस्थेने युनिसेफच्या साथीने रुजवली. दार उघडतं तिथे फरशीवर कोन आखायचे हे त्यातलं प्रसिद्ध उदाहरण. मला ते आवडतं, कारण दार मुलाने स्वतः ढकलायचं असतं.

साहित्याबद्दल: सॉफ्टबोर्ड महाग पडतो आणि कोकणात पावसाळ्यात फुगतो. बांबूचा तट्ट्या भिंतीवर ठोका. टाचणी बसते, हवा खेळते, गावात विणणारे असतात. पावसाळ्यात तोही भिंतीपासून थोडा सुटा ठेवा, मागे ओल धरत नाही.

---

मायमाती

मास्तरांचा दुसरा मुद्दा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. मी तो आणखी पुढे नेते.

वर्गात कोण कुठे बसतं, झाडू कुणाच्या हातात असतो, पाण्याची टाकी कोण भरतं, हे पोरांवर सोपवलं की गाव वर्गात शिरतं. मुलांनी 'आपणहून' केलेल्या गटांकडे नीट बघा. गल्लीप्रमाणे गट पडतात, आणि आपल्या गावांत गल्ली म्हणजे काय हे सांगायला नको. झाडायला मुली, बाकं उचलायला मुलं. हे मुलांनीच ठरवलं म्हणून ते न्याय्य होत नाही.

भीमराव आंबेडकरांचं नाव साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० ला दाखल झालं. तो दिवस आता राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. पण वर्गात त्यांना वेगळं, कोपऱ्यात बसावं लागे. बसायचं गोणपाट घरून आणायचं आणि रोज घरी परत न्यायचं, कारण शाळेचा गडीसुद्धा त्याला हात लावत नसे. नळाला स्वतः हात लावता येत नसे. नाव हजेरीपटावर होतं, पण खोलीतली एक वीतही त्यांची नव्हती. वर्ग मुलांचा करायचा म्हणताना मला आधी तो कोपरा आठवतो.

म्हणून काही गोष्टी शिक्षकाने स्वतःच्या हातात ठेवाव्यात असं माझं ठाम मत आहे. झाडण्याची पाळी हजेरी क्रमांकाने, मुलगा-मुलगी न पाहता, आणि त्यात शिक्षकाचाही क्रमांक. सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीम शिक्षणपद्धतीत सफाई शिक्षक आणि विद्यार्थी मिळून करत, ते उगाच नव्हतं. गट दर पंधरवड्याला चिठ्ठ्या टाकून. डबा खाताना गोल, रोज नवा शेजारी. एवढं पक्कं केलं की बाकीचं खुशाल मुलांवर सोडा.

---

रानपाखरू

डहाणू भागातून लिहितोय.

आमच्याकडे या विषयाचा वारसाच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, १९५७ मध्ये ते कोसबाडला गेलं, अनुताई वाघ त्यांच्यासोबत. पाड्यावरची मुलं शाळेपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. साधनं म्हणजे बिया, शिंपले, खडे, पानं. दुसऱ्याच्या मालकीच्या खोलीत मुलाला बोलावण्याआधी त्याच्या जागेत आपण जायचं, हा विचार त्यांनी इतक्या आधी केला.

माझ्या वर्गात पहिलीला येणारी पोरं घरी वारली बोलतात. भिंतीवर मात्र 'अननस', 'ऐरण', 'औषध'. पहिल्या दिवसापासून भिंत त्यांना सांगते की तुझे शब्द इथे चालत नाहीत. आता वर्गातल्या वस्तूंना पोरं स्वतः नावं देतात. घरचा शब्द आणि पुस्तकातला शब्द एकाच पट्टीवर, शेजारी शेजारी. पाड्यावरच्या आज्या येऊन शब्द दुरुस्त करून जातात. पोरं वाचायलाही याच पट्ट्यांवरून लागतात, कारण शब्द आधीच ओळखीचा असतो.

मास्तर, वाचन मागे पडलेल्या मुलांसाठी हे करून बघा, अगदी मनापासून सांगतो. छापील तक्त्याशेजारी त्यांच्या तोंडचे शब्द लावा.

---

दूरदेशी

मी जर्मनीत राहते, मुलगी तिथल्या प्राथमिक शाळेत जाते. तिथे बऱ्याच शाळांत 'क्लासेनराट' म्हणजे वर्गसभा असते. आठवडाभर मुलं तक्रारी, सूचना, आभार चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकतात. ठरलेल्या तासाला सगळे गोलात बसतात. सभा चालवणारं, नोंद घेणारं, वेळ बघणारं मूल वेगवेगळं, आणि या कामांची पाळी फिरते. शिक्षकाला बोलायचं असेल तर त्यानेही हात वर करायचा.

आमच्या वेळी गावच्या शाळेत शालेय मंत्रिमंडळ होतं. आरोग्यमंत्री, पाणीमंत्री, शपथविधी, टाळ्या. पण मंत्र्याने ठरवायचं असं काही नसायचं, बाईंनी सांगितलेलं करायचं. तीच रचना आजही शाळांत आहे. तिला खरोखरची काही कामं दिली, तर नवीन काही आणायची गरजच पडणार नाही. बुजऱ्या मुलांसाठी चिठ्ठीचा डबा फार उपयोगी पडतो, ती तोंडाने बोलत नाहीत पण लिहितात.

---

खडूफळा

किती दिलंत सगळ्यांनी! एकेकाला उत्तर देते.

मायमाती, झाडण्याच्या आणि गटांच्या बाबतीत मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. आमच्याकडेही पाळी हजेरी क्रमांकानेच आहे. पोरांच्या मतावर सोडायचं काय आणि काय नाही, ही रेघ शिक्षकाने आधी आखली पाहिजे आणि पोरांना स्पष्ट सांगितली पाहिजे. कुणाला कमीपणा येईल असं काहीही मताला टाकायचं नाही.

मास्तर, धीट मुलांबद्दल: हात वर करून मत घेतलं की तुम्ही म्हणता तेच होतं. म्हणून मांडणी आम्ही मताने ठरवत नाही, प्रत्येक गटाची मांडणी आळीपाळीने करूनच बघतो. सगळ्यात बुजऱ्या पोरांच्या गटाने सुचवलेली मांडणी वर्षअखेरपर्यंत टिकली, कारण तिच्यात सगळ्यांना फळा दिसत होता. दूरदेशी, चिठ्ठीचा डबा या जूनपासून ठेवते.

बाराखडीबद्दल: भिंती चार आहेत. एक तुमच्या तक्त्यांची ठेवा, निदान एक कोरी. आणि तक्तासुद्धा रंगवलेला नको, टांगलेला असू द्या. ज्या गटाला तो लागतो त्याने उतरवून मांडीवर घेऊन बसावं.

---

निवृत्त_केंद्रप्रमुख

कपाटाच्या किल्लीबद्दल थोडं. वर्गभेटी पुष्कळ केल्या म्हणून सांगतो, शिक्षक घाबरतात ते खरं आहे, पण मार्ग आहे. जून-जुलैच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय घ्या: 'शैक्षणिक साहित्य विद्यार्थ्यांच्या रोजच्या वापरासाठी खुलं ठेवणे'. इतिवृत्तात नोंद करा. मोडलेलं साहित्य फेकू नका, एका खोक्यात तारीख लिहून ठेवा आणि निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करायच्या वस्तूंच्या, यादीत घ्या. मुलांनी भरलेली ती वही सोबत दाखवा. वापरून झिजलेलं साहित्य तपासणीत दाखवायला संकोच कशाला? माझ्या भेटीत मला कोरी पेटी दिसली की मी विचारायचो, ही मुलांना दिली कधी?

आणखी एक. भिंत कोरी ठेवल्यावर भेटीला आलेला साहेब 'सजावट कुठाय?' असं विचारू शकतो. तेव्हा तुम्ही उत्तर देऊ नका. जवळच्या पोराला सांगा, साहेबांना आपली भिंत दाखव.

---

साशंक_मास्तर

सगळं वाचलं, दोनदा.

पाढे आणि बाराखडी उत्तरेच्या भिंतीवर राहतील, त्यात बदल नाही. पण त्या टांगत्या करतो, उतरवून घेता येतील अशा. पूर्वेच्या भिंतीवरचं जुनं रंगकाम तसंही पोपडे धरतंय, तिथे चुना मारून घेतो आणि चौकट म्हणाले तसा तट्ट्या ठोकतो. गावात बुरूड आहेत, माप घ्यायला पोरांनाच पाठवतो. किल्लीचं अजून ठरत नाही. आधी समितीची बैठक होऊ दे.

रानपाखरू सर, घरच्या शब्दांच्या पट्ट्या पहिल्या आठवड्यात किती करता, आणि पोर शब्द सांगायलाच तयार नसेल तर कशापासून सुरुवात करता, तेवढं लिहा.

---

रानपाखरू

पहिल्या आठवड्यात थोड्याच, पोरं सांगतील तेवढ्या. सुरुवात खाण्यापासून करा. 'सकाळी काय खाल्लंस?' याचं उत्तर न देणारं पोर मला अजून भेटलेलं नाही. त्याने सांगितलेला शब्द त्याच्यासमोर, ठळक, एका पट्टीवर लिहायचा आणि पट्टी त्याच्या हातात द्यायची. कुठे लावायची ते तो बघेल. दोन-तीन दिवस खिशात ठेवून फिरला तरी फिरू द्या.